गोडदेवचं बेपत्ता मृत्युपत्र

१. एक कागद कमी

मृत्युपत्र हरवलंय हे समजलं तेव्हा कासारे कुटुंबातले सगळे घरात हजर होते. नव्हते ते फक्त आत्माराम कासारे, आणि मृत्युपत्र त्यांचंच होतं.

आत्माराम म्हणजे शिस्तीचं माणूस. उत्तनच्या किनाऱ्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची उभी हयात गेली. पुढे भाईंदरला गोडदेवच्या मैत्रीसागर सोसायटीत चौथ्या मजल्यावर ४०३ नंबरचा फ्लॅट घेतला. मृत्युपत्र केलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक झेरॉक्स मुलीच्या हातात दिली आणि म्हणाले, "मूळ कागद घरातच आहे. एकदम सुरक्षित." नेमका कुठे, ते उद्या सांगणार होते. उद्या उजाडला, आत्माराम उठले नाहीत. एवढा तपशील सोडला तर त्यांनी सगळं व्यवस्थित केलं होतं.

आता त्यांच्या स्वयंपाकघरात अ‍ॅडव्होकेट स्वप्नाली रेगे झेरॉक्सकडे बघत बसली होती. वकिलीच्या चार वर्षांत स्वप्नालीने एकच गोष्ट जिंकली होती, ती म्हणजे बार रूमच्या कॅरम स्पर्धेतलं उपविजेतेपद. तेही प्रतिस्पर्ध्याला तारीख होती म्हणून. ही केस सिनियरने तिच्याकडे सरकवली होती, कारण फी अर्धी होती आणि भांडण पूर्ण.

"झेरॉक्स चालत नाही का, मॅडम?" वैजयंताने विचारलं. आत्मारामांची ही थोरली. खासगी दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची आणि उरलेला सगळा वेळ वडिलांची औषधं, पथ्य आणि हट्ट सांभाळायची.

"चालू शकते, ताई. पण मूळ कागदाचं काय झालं ते आधी सांगावं लागतं. मूळ कागद बाबांजवळ होता आणि ते गेल्यावर सापडत नाही. अशा वेळी कोर्ट धरून चालतं की त्यांनीच तो नष्ट केला असणार. म्हणजे मत बदललं."

"बाबांनी मत बदललं?" वैजयंता हसली. "त्यांनी उभ्या आयुष्यात साबण नाही बदलला."

झेरॉक्सप्रमाणे फ्लॅट वैजयंताचा आणि गावची जमीन धाकट्या धम्मपालची. मृत्युपत्र नाही असं ठरलं तर दोन्हींत दोघांचा अर्धा अर्धा. आणि आपला अर्धा विकायला काढणार, हे धम्मपालने जलदान विधीच्या जेवणातच जाहीर केलं होतं, खीर वाढत असताना. वैजयंताला घर सोडावं लागणार होतं. जायचं कुठे? तेवढा एक प्रश्न तिने कुणालाच विचारू दिला नव्हता.

"आणि प्रोबेट लागतंच?"

"मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर? कायद्याने बहुतेक लागणार नाही. पण तुमचे सेक्रेटरी म्हणतात, प्रोबेट आणल्याशिवाय नाव चढवणार नाही." स्वप्नालीने चहा संपवला. "आणि भाईंदरमध्ये सोसायटीचा सेक्रेटरी सुप्रीम कोर्टाच्या एक मजला वर बसतो."

तो खरं तर चार मजले खाली बसत होता. ४०३ची दुसरी चावीही त्याच्याचकडे होती.

२. चावीवाला

सेक्रेटरी उत्तमभाईंचं ऑफिस जिन्याखाली होतं. आत पाण्याचे मीटर, गणपतीचा मांडव आणि स्वतः उत्तमभाई एवढं सगळं मावलं होतं. स्वप्नाली दारात उभी राहिली, कारण दाराच्या आत उभं राहायला जागा नव्हती.

"बेन, अख्ख्या बिल्डिंगची चावी माझ्याकडे आहे," उत्तमभाई म्हणाले. "टेरेसची पण आहे. मला चोरी करायची तर सोनं चोरीन. कागद कशाला चोरू? कागद तर मी रोज फेकतो. नोटिसा लावतो, लोक वाचत नाय, मग फेकतो."

"रीडेव्हलपमेंटचं चाललंय म्हणे. वैजयंताताईंचा त्याला विरोध आहे."

"विरोध तर माझ्या बायकोचा पण आहे. तिला घरातून काढला का मी?" त्यांनी पंख्याचा वेग वाढवला. "ऐका, त्या दिवसांत मी वर गेलो फक्त जेवण द्यायला. आत्मारामभाई गेले तेव्हा त्या घरात चूल कोण पेटवणार? आमच्या विंगमधून डबे गेले. कोणी खिचडी, कोणी पिठलं. माझ्या घरून कढी. किचनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, एवढे डबे."

"आणि नंतर?"

"नंतर तो धम्मपालभाई स्वतः आला, एकेक डबा नाव बघून दिला. माझी बायको इतकी खूश! बोली, लग्नापासून पहिला डबा हाय जो आपणहून परत आला."

स्वप्नालीने मान हलवली. तिच्या आईचे निदान सात डबे मीरा रोडभर पसरले होते. दिलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, आणि त्यात घालण्याजोगं काही करायला कुणाला वेळ नसतो. त्यामुळे तो परतच येत नाही. अशा दुनियेत धम्मपालने सगळे डबे वाटून टाकले होते? एवढा चांगुलपणा वकिलाला नेहमीच संशयास्पद वाटतो.

३. वेळेवर माल

'कासारे रोडलाइन्स' काशीमीऱ्याला हायवेला लागून होतं. एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला हॉटेल, त्यामुळे ऑफिसात ग्रीस आणि तंदूरचा मिळून एक तिसराच वास यायचा. भिंतीवर पाटी होती: माल वेळेवर, पत्त्यावर.

"या, या, समोरच्या पार्टीच्या वकीलबाई," धम्मपाल म्हणाला. "चहा घेणार, का तो पण कोर्टात मागणार?"

"कोर्टात तारीखच मिळते. चहा इथेच घेते."

धम्मपालची बायको संचिता बिलांवर शिक्के मारत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "आम्ही त्या घरातून चमचासुद्धा आणला नाही, हे लिहून घ्या."

"मी कुठे म्हटलं आणला?"

"म्हणायला आलात ना."

"बाबांनी फाडला तो कागद," धम्मपाल म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "शेवटच्या खेपेला मी त्यांना विचारलं होतं, घरात माझं काहीच नाही का? ते म्हणाले, बघतो. बाबांनी 'बघतो' म्हटलं की ते बघायचे. त्यांनी माझा विचार केला असणार. ताईला वाटतं मी खोटं बोलतोय. बोलू दे."

तो खोटं बोलत नाही, हे स्वप्नालीच्या लक्षात आलं आणि ती वैतागली. खोटं बोलणारा माणूस उलटतपासणीत पकडता येतो. प्रामाणिकपणे चुकणाऱ्याचं काय करायचं?

"डबे तुम्हीच वाटलेत म्हणे."

धम्मपाल खुर्चीत सरळ झाला. "मग! ताई तापाने पडलेली. किचनमध्ये डब्यांचा डोंगर. मी म्हटलं, हे आपलं काम. घरातला एकेक डबा हातात घेतला, ज्याच्यावर दुसऱ्याचं नाव तो टेम्पोत. गोडदेव झालं, नवघर झालं, थेट चौक गावापर्यंत गेलो, मच्छीमारांच्या वस्तीत. डिझेल माझं! आणि त्या धर्माजीने चहासुद्धा विचारला नाही. डबा घेतला, माझ्या तोंडाकडे बघितलं नि दार आपटलं."

"का?"

"त्याला विचारा. आपण माल पोचवतो. पार्टीचा मूड आपल्या हातात नसतो."

४. उंदीर स्टील खात नाही

"मृत्यूचा दाखला लागेल, ताई," स्वप्नालीने संध्याकाळी वैजयंताला सांगितलं.

वैजयंता उठली, कपाटाकडे न जाता स्वयंपाकघरात गेली, बिस्किटांचा डबा उघडला आणि त्यातून दाखला काढून दिला.

स्वप्नालीने दाखल्याकडे बघितलं, मग डब्याकडे. "बिस्किटं कुठे ठेवता?"

"कपाटात."

"ताई, असं का?"

"बाबांची सवय. आम्ही आधी चाळीत राहायचो ना, तिथे उंदरांनी आईचं रेशनकार्ड खाल्लं. तेव्हापासून बाबांचा नियम, कागद डब्यात. उंदीर स्टील खात नाही."

"हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"तुम्ही विचारलंत कुठे? मला वाटलं सगळेच ठेवतात."

मग दोघींनी फळीवरचा एकेक डबा खाली घेतला. रव्यात लाइटबिल सापडलं. साबुदाण्यात वैजयंताचं दहावीचं प्रमाणपत्र होतं, तिला साबुदाण्यासारखेच गोल गोल मार्क पडले होते. हरभऱ्याच्या डाळीखाली फ्लॅटचा करारनामा, आणि मेथीच्या डब्यात आत्मारामांची जुनी पेन्शनची कागदपत्रं, त्यांचा वास आता कधीच जाणार नव्हता. ओटा भरला, जमीन भरली. शेवटचा डबा उघडला तेव्हा त्यात खरोखरच पोहे निघाले आणि दोघींची घोर निराशा झाली.

मृत्युपत्र नव्हतं.

वैजयंता डब्यांच्या मधोमध जमिनीवर बसली. "फाडलंच असेल हो त्यांनी," ती हळूच म्हणाली. "धम्मा बोलतोय ते खरं असेल. मीच धरून बसलेय." मग थोड्या वेळाने, कुणावर तरी रागवायचं म्हणून, "आणि माणसं बघा. बाबांचा एवढा जिवलग दोस्त. लग्नापासूनचा. तो धर्माजी काका फिरकलासुद्धा नाही. तेव्हा बोटीवर होता म्हणे, खोल समुद्रात. ना अंत्ययात्रेला आला, ना जलदानाला. बरं, परत आल्यावर तरी? साधा फोन नाही."

स्वप्नालीच्या हातातलं झाकण खाली पडलं आणि बराच वेळ गोल गोल वाजत राहिलं.

"ताई, एक मिनिट. धर्माजी काका त्या दिवसांत इथे आले नाहीत."

"नाही ना."

"त्यांच्याकडून कुणी आलं? जेवण पाठवलं?"

"चौकवरून? कोण पाठवणार?"

"मग जो डबा इथे आलाच नाही," स्वप्नाली म्हणाली, "तो तुमच्या भावाने परत कसा केला?"

५. अक्षराला आठ आणे

धर्माजीचं घर किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत होतं. म्हातारा ओसरीवर जाळं विणत बसला होता. वैजयंताला बघितल्यावर त्याने जाळं तोंडासमोर धरलं, जणू तो त्यामागे दिसणारच नव्हता.

"काका."

"कोन काका? हितं कोन काका न्हाय."

त्याची बायको सुगंधा आतून आली. "बस गो पोरी. तो रुसलाय. तुज्या घराचा नाव काढला का जेवत न्हाय."

"पण मी काय केलं?"

धर्माजीने जाळं खाली टाकलं. "काय केला? तुज्या बापाच्या लग्नात डबा दिला मी. पयल्या कमाईचा. बाप गेला नि डबा परत धाडला! पोऱ्याच्या हाती! माणूस गेला, दोस्ती खतम, तुजा डबा तुला घे. हा काय रिवाज हाय?"

स्वप्नालीला सगळं एकदम दिसलं. लग्नात भांडं द्यायचं तर त्यावर देणाऱ्याचं नाव घालतात, घेणाऱ्याचं नाही. घरोघरच्या फळ्यांवर दुसऱ्यांच्याच नावांची भांडी असतात आणि ती असतात घरचीच. धम्मपालने नाव वाचलं आणि तो पत्ता समजून, बापाच्या लग्नातला आहेर देणाऱ्याच्या दारात नेऊन पोचवला.

"आजोबा, डब्यावर 'सप्रेम भेट' वगैरे घातलं नव्हतं का?"

"कसा घालनार? नाव घालनारा अक्षराला आठ आने घ्यायचा," धर्माजी म्हणाला. "'धर्माजी, चौक' एवढाच घातला. परेम काय लिवून कळतं?"

"आणि डबा आहे कुठे?"

सुगंधाने बोट वर केलं. कपाटाच्या माथ्यावर, टीव्हीच्या रिकाम्या खोक्याशेजारी, गोल स्टीलचा मोठा डबा बसला होता.

"उघडला नाहीत?"

"परत आलेल्या आहेरात काय हाय, ते बघाचा न्हाय. हलवला तवा आत खुळखुळला. मी म्हनलो खुळखुळू दे."

वैजयंता झाकणाला हात घालणार तोच स्वप्नाली मधे आली. "नाही, ताई! इथे उघडला तर धम्मपालचा वकील म्हणेल, तुम्हीच आत ठेवलं. हा असाच जाणार."

"कुठे?"

"ठाण्याला. कोर्टात. काका मांडीवर घेऊन येतील."

"आणि आत रवा निघाला तर?"

स्वप्नालीने हा विचार केला नव्हता. तिने तो मनातल्या मनात पुढच्या तारखेवर ढकलला.

६. निशाणी डबा

तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला धर्माजी पांढरा सदरा घालून, टॉवेलात गुंडाळलेला डबा मांडीवर घेऊन कोर्टाच्या बाकावर बसायचा. कुणी विचारलं, आजोबा, जेवणाची सुट्टी कधी, तर म्हणायचा, "ह्यात जेवान न्हाय, पुरावा हाय."

शेवटी धम्मपाल साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. स्वप्नालीने टॉवेल सोडवून डबा त्याच्यासमोर ठेवला.

"हा डबा ओळखता?"

धम्मपालने नाव वाचलं. "हो. मीच पोचवला, चौकला. बाबा गेल्यावर."

"त्याआधी कुठे होता?"

"४०३मध्ये. किचनच्या वरच्या फळीवर. मी स्वतः स्टुलावर चढून काढला."

"ताईंनी दिला?"

"ताई तापाने झोपलेली. तिला शुद्ध नव्हती."

"आत काय होतं?"

"बघितलं नाही. वजन होतं, खुळखुळत होता. म्हटलं, रिकामा डबा परत करत नाहीत, घातलं असेल कुणी काहीतरी. उघडला नाही. पार्टीचा माल आपण उघडत नाही."

त्याचा वकील उभा राहिला. "मिलॉर्ड, माझ्या अशिलाची गफलत झालेली असू शकते. शोकाच्या दिवसांत असे शेकडो डबे... हा तोच डबा कशावरून? त्यांच्याकडून कुठलातरी दुसराच डबा गेला असेल."

स्वप्नाली धम्मपालकडे वळली. अख्ख्या चार वर्षांत तिला एवढा सोपा प्रश्न मिळाला नव्हता. "धम्मपालजी, तुमचे वकील म्हणतात, तुमच्याकडून डिलिव्हरीत घोळ झाला. कुणाचा माल कुणाला गेला. बरोबर?"

धम्मपाल लाल झाला. त्याने आधी स्वतःच्या वकिलाकडे बघितलं, मग न्यायाधीशांकडे.

"साहेब, एवढी वर्षं गाड्या चालवतोय," तो म्हणाला. "एक नग इकडचा तिकडे नाही. ज्या डब्यावर धर्माजी, तो धर्माजीकडेच गेला. हाच तो. शपथेवर सांगतो."

वकिलाने कपाळाला हात लावला. धम्मपालला ते दिसलं, पण कशासाठी ते समजलं नाही.

"उघडा," न्यायाधीश म्हणाले.

डबा उघडेना. खाऱ्या हवेने झाकण घट्ट बसलं होतं. शिपायाने ओढलं, स्टेनोने ओढलं. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी मिळून ओढलं, त्या खटल्यात त्यांचं एकमत झालेला तो एकमेव क्षण. न्यायाधीशांनी चष्मा काढून, "कडेने ठोका, कडेने," असं मार्गदर्शन केलं. अखेर सुगंधाने मागच्या बाकावरून येऊन डबा उलटा केला, बुडावर एक थाप मारली, आणि झाकण न्यायासनाच्या दिशेने उडालं.

आत प्लास्टिकच्या पिशवीत मृत्युपत्र होतं. मूळ. दोन्ही साक्षीदारांच्या निळ्या शाईतल्या सह्या, खाली आत्मारामांची. कुठे घडीशिवाय दुमड नाही, फाटणं तर सोडाच. त्याखाली एक चावी खुळखुळत होती.

धम्मपाल पिंजऱ्यातून पुढे वाकला. "ही माझ्या पहिल्या टेम्पोची. डुप्लिकेट. मी... मी सगळीकडे शोधली होती."

तो टेम्पो विकूनही अकरा वर्षं झाली होती. आत्मारामांनी घरातली सगळ्यात मोलाची म्हणून बाजूला काढलेल्या दोन वस्तूंतली ती एक होती.

मग धम्मपालने न्यायाधीशांना विचारलं, "साहेब, हरकत घेतलेली परत घेता येते का? का ती पण तारीख घेऊन?"

७. पुढे काय लिहू?

प्रोबेट आलं त्या दिवशी स्वप्नालीच्या सिनियरने तिला टेबल दिलं. खिडकीजवळचं नव्हतं, झेरॉक्स मशीनजवळचं होतं, पण टेबल होतं. ऑर्डरची प्रत उत्तमभाईंनी तीनदा वाचली, शिक्क्याला बोट लावून बघितलं, आणि जिन्याखालून बाहेर येऊन मोठ्याने म्हणाले, "चला, पेंटरला बोलवा!"

मैत्रीसागरच्या तळमजल्यावर सभासदांचा मोठा फलक होता. पेंटर स्टुलावर चढला आणि खाली अख्खी विंग जमली. धम्मपाल स्टूल धरून उभा होता, कारण त्याच्या मते पेंटरला ते नीट धरता येत नव्हतं. संचिता पेढे वाटत होती आणि कुणी दोन घेतोय का ते बघत होती. धर्माजी चौकवरून टोपलीभर सुरमई घेऊन आला होता आणि लिफ्टमध्ये वास राहील म्हणून उत्तमभाईंनी त्याला जिन्याने पाठवलं होतं. तो वर जाऊन, टोपली ठेवून, परत खाली आलाही होता.

पेंटरने ४०३समोर ब्रश टेकवला. "मॅडम, नावाच्या पुढे काय लिहू? सौ. की कु.?"

सगळे वैजयंताकडे बघायला लागले. एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिला प्रत्येक फॉर्मने, प्रत्येक शेजारणीने आणि लग्नाच्या प्रत्येक पंगतीने विचारला होता.

"पुढे काही नको," वैजयंता म्हणाली. "नुसतं वैजयंता आत्माराम कासारे. आणि जरा मोठं काढा, रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे."

"बेन, बाकीच्यांच्या साइजमध्येच काढायचा नियम आहे," उत्तमभाई म्हणाले.

"ठराव दाखवा."

उत्तमभाईंनी स्वप्नालीकडे बघितलं. स्वप्नालीने बॅगेची चेन उघडल्यासारखं केलं. पेंटरने मोठा ब्रश काढला.